बहुभाषिक संकेतस्थळ आणि भाषानिहाय पत्ते : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विदर्भातील बहुतेक महाविद्यालयांची संकेतस्थळे इंग्रजीत आहेत. काहींनी मराठीची जोड दिली आहे. पानाच्या उजव्या कोपऱ्यात 'मराठी' अशी अक्षरे दिसतात, त्यांवर कळ दाबली की मजकूर बदलतो आणि संस्था द्विभाषिक झाली असे मानले जाते. परंतु मजकूर बदलत असताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील पत्ता बदलतो की तसाच राहतो, याकडे सहसा कोणी पाहत नाही. ही बाब तंत्रज्ञाची, प्राध्यापकाचा तिच्याशी काय संबंध, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः हा प्रश्न प्रामुख्याने संदर्भाचा आणि नोंदीचा आहे. ज्या मजकुराला स्वतःचा पत्ता नाही तो संदर्भसूचीत नोंदविता येत नाही, विद्यार्थ्याला नेमका पाठविता येत नाही आणि शोधयंत्राला सापडत नाही. मराठी मजकूर तयार करण्यासाठी घेतलेले श्रम अशा वेळी संस्थेच्याच घरात अडकून पडतात.

यवतमाळ जिल्ह्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मराठीबरोबरच कोलामी, गोंडी, गोरमाटी, उर्दू, हिंदी आणि पैनगंगेकाठच्या सीमाभागात तेलुगू या भाषा नांदतात. संकेतस्थळाची रचना आज केवळ इंग्रजी व मराठी गृहीत धरून केली, तर उद्या तिसऱ्या भाषेला जागा करताना सर्व पत्ते मोडावे लागतात. प्रस्तुत लेखात भाषानिहाय पत्त्यांची रचना कशी असते, तिचे कोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि देवनागरीमुळे कोणत्या विशेष अडचणी उद्भवतात याचे विवेचन केले आहे.

पत्त्याविना भाषा

संकेतस्थळावरील प्रत्येक पानाला एक पत्ता असतो. त्यालाच यूआरएल म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग डोमेन नावाचा, म्हणजे संस्थेच्या नावाचा. पहिल्या तिरप्या रेघेनंतर सुरू होणारा दुसरा भाग मार्गाचा, म्हणजे त्या संस्थेच्या संकेतस्थळातील विशिष्ट पानापर्यंत नेणारा. भाषा दर्शविणारी खूण या दोहोंपैकी कोणत्याही भागात ठेवता येते. ती कोठेच ठेवली नाही, तर वाचकाने निवडलेली भाषा त्याच्या ब्राउझरमध्ये साठविलेल्या एका छोट्या नोंदीवर, म्हणजे कुकीवर, अवलंबून राहते. पत्ता एकच आणि मजकूर दोन, अशी स्थिती निर्माण होते.

या स्थितीचे परिणाम एकेक करून पाहण्यासारखे आहेत. घाटंजीच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची मराठी सूचना पाठवावयाची असेल, तर शिक्षक आपल्या पडद्यावरील पत्ता उचलून पाठवितो. विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर ती कुकी नसल्याने त्याला तीच सूचना इंग्रजीत दिसते. शोधयंत्राचा स्वयंचलित वाचक कळ दाबत नाही आणि भाषेची कुकीही जपून ठेवत नाही. तो पत्त्यामागून पत्ता वाचत जातो. त्याच्या दृष्टीने त्या पत्त्यावर केवळ इंग्रजी मजकूर आहे. एखाद्याने मराठी शब्द देऊन शोध घेतला तर ते पान निकालांत येण्याचे कारणच उरत नाही. जुनी पाने जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हसारख्या संस्थाही पत्त्यानुसारच साठवण करतात. संस्थेने चार वर्षांनी संकेतस्थळ बदलले की इंग्रजी पानांच्या प्रती कोठेतरी शिल्लक राहतात, मराठी पानांचा मागमूस राहत नाही. २०१७ नंतरच्या नॅक मूल्यांकन चौकटीत स्वयं-अध्ययन अहवालाबरोबर पुराव्यादाखल संकेतस्थळावरील दुवे देण्याची पद्धत रुळली आहे. मराठी विभागाच्या उपक्रमाचा दुवा उघडल्यावर समितीसमोर इंग्रजी मुखपृष्ठ येत असेल, तर तो पुरावा कोणत्या अर्थाने पुरावा ठरतो?

आणखी एक प्रकार अलीकडे फार फैलावला आहे. गूगलच्या यंत्रानुवादात मे २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला आणि अनेक संस्थांनी अनुवादाची तयार पट्टी आपल्या पानावर चिकटवून मराठीचा प्रश्न सुटला असे मानले. ही पट्टी वाचकाच्या पडद्यावर त्या क्षणी मजकूर पालटते. तो मजकूर संस्थेच्या संगणकावर कोठेही साठविलेला नसतो, त्याला पत्ता नसतो आणि त्याच्या अचूकतेची जबाबदारीही कोणावर नसते. प्रवेशाच्या अटी किंवा शुल्क परताव्याचे नियम यांसारख्या मजकुरासाठी हा मार्ग स्वीकारणे धोक्याचे आहे, असेच म्हणावे लागेल.

भाषेला पत्ता देण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र डोमेन नाव घेण्याचा. याचे उदाहरण यवतमाळशी जुने नाते असलेल्या वृत्तपत्राचे आहे. यवतमाळमधून साप्ताहिक रूपात सुरू झालेले 'लोकमत' १९७१ पासून नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागले. पुढे या समूहाने मराठी, हिंदी व इंग्रजी वृत्तांसाठी वेगवेगळी डोमेन नावे वापरली. वृत्तपत्राच्या दृष्टीने हे योग्य आहे, कारण तिन्ही भाषांतील वृत्तपत्रे मुळात वेगवेगळी असतात; त्यांचे संपादक वेगळे, वाचक वेगळे आणि बातम्याही पुष्कळशा वेगळ्या. महाविद्यालय मात्र एकच असते. दोन नावांची नोंदणी, दोन्हींचे वार्षिक नूतनीकरण आणि दोन्हींची सुरक्षा प्रमाणपत्रे सांभाळणे हे एखाद्या लिपिकाच्या अतिरिक्त कार्यभारावर सोडले, तर दोहोंपैकी एकाची मुदत केव्हातरी नकळत संपते. ते नाव बहुधा मराठीचे असते, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

दुसरा मार्ग उपडोमेनचा, म्हणजे एकाच मुख्य नावापूर्वी भाषेचा संकेत जोडण्याचा. विकिपीडिया हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा पत्ता 'एमआर' या दोन लॅटिन अक्षरांनी सुरू होतो. पुढे टिंब, मग विकिपीडियाचे नाव. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया हा स्वतंत्र ज्ञानकोश आहे, त्याचे सदस्य व धोरणे स्वतंत्र आहेत, आणि ही स्वायत्तता पत्त्याच्या रचनेतही उतरली आहे. इंग्रजी लेखाचा शब्दशः अनुवाद मराठीत असावा अशी तेथे अपेक्षा नसते.

तिसरा मार्ग भाषेचा संकेत डोमेन नावानंतर, मार्गाच्या आरंभी ठेवण्याचा. महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार' सेवा संकेतस्थळावर इंग्रजी पानांच्या पत्त्यात नावानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपुढे 'ईएन' हा संकेत दिसत आला आहे. यवतमाळ जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळही मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत असून त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा पत्ता याच पद्धतीचा आहे. ते ज्या 'एसथ्रीवास' या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व्यवस्थेवर चालते, तीच व्यवस्था देशातील इतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांमागे आहे. बीबीसीने २ ऑक्टोबर २०१७ रोजी मराठी सेवा सुरू केली, तेव्हा संकेताऐवजी 'मराठी' हे भाषेचे पूर्ण नाव लॅटिन लिपीत मार्गात ठेवले. तत्त्व एकच आहे.

महाविद्यालयासाठी हा तिसरा मार्गच श्रेयस्कर होय. एकच डोमेन नाव, एकच प्रमाणपत्र, एकच साठवण, आणि तरीही प्रत्येक भाषेच्या प्रत्येक पानाला कायमचा पत्ता. पत्त्याच्या अखेरीस प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे भाषा लिहिण्याचीही एक पद्धत आहे. ती चालते, परंतु दुवा देताना प्रश्नचिन्हापुढील भाग अनावश्यक समजून लोक गाळतात आणि भाषा तेथेच गळते.

संकेताची निवड

भाषांचे संकेत संस्थेने स्वतः कल्पून ठरवावयाचे नसतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ६३९ क्रमांकाच्या मानकात मराठीचा दोन अक्षरी संकेत 'एमआर', हिंदीचा 'एचआय', उर्दूचा 'यूआर' आणि तेलुगूचा 'टीई' असा आहे. संकेतस्थळांवर हे संकेत कसे लिहावेत याचे नियम 'बीसीपी ४७' या दस्तऐवजात दिलेले असून त्यातील भाषासंकेतांविषयीचा प्रमुख भाग सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे.

येथे एक गफलत वारंवार होते. भाषेचा संकेत आणि देशाचा संकेत या दोन वेगळ्या सूची आहेत. भाषांच्या सूचीत 'एमआर' म्हणजे मराठी. देशांच्या सूचीत तीच अक्षरे पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियाची. 'आयएन' हा भारताचा देशसंकेत आहे म्हणून तो हिंदी किंवा 'भारतीय भाषा' अशा अर्थाने मार्गात ठेवणारी संकेतस्थळे आढळतात. भाषासंकेत म्हणून ही अक्षरे एकेकाळी इंडोनेशियन भाषेची होती आणि पुढे तिला 'आयडी' हा संकेत मिळाला. भाषा व देश दोन्ही सांगावयाचे असतील तर आधी भाषा, मग जोडरेघ, मग देश असा क्रम असतो. महाविद्यालयाच्या पत्त्यात देश सांगण्याचे प्रयोजन नाही. नुसते 'एमआर' पुरेसे आहे.

याच कारणाने भाषा निवडण्यासाठी ध्वजचित्रे वापरणेही गैरलागू ठरते. इंग्रजीसाठी ब्रिटनचा ध्वज लावला, तर मराठीसाठी कोणता लावावा, याचे उत्तर कोणाकडेच नाही. भाषेचे नाव त्या भाषेच्या लिपीत लिहिणे हाच सरळ उपाय होय.

देवनागरीतील पत्ता : सोय आणि गैरसोय

मराठी पानाचा पत्ता मराठीतच, देवनागरीतच असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि ती आता अशक्य राहिलेली नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील '.भारत' हे डोमेनचे टोक मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी खुले झाले. मार्गातही देवनागरी अक्षरे चालतात; मराठी विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाचे शीर्षक पत्त्यात देवनागरीतच असते. परंतु वाचकाला देवनागरी दिसते तेव्हा यंत्रापर्यंत काय पोहोचते, हे समजून घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

डोमेन नावातील देवनागरी अक्षरे यंत्रासाठी लॅटिन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत रूपांतरित होतात; या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात आणि तिचे नियम मार्च २००३ मध्ये निश्चित झाले. मार्गातील अक्षरांचे मात्र वेगळे होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट एक टक्काचिन्ह व दोन वर्ण अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका देवनागरी चिन्हाची नऊ चिन्हे होतात. 'यवतमाळ' या शब्दात काना धरून सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्याची चोपन्न होतात. लॅटिन लिपीत तेच नाव आठ अक्षरांत संपते. एखाद्या मराठी पानाचा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटविला की टक्काचिन्हांची जी लांबलचक माळ दिसते तिचे कारण हे आहे. छापील संदर्भसूचीत ती माळ दोन-तीन ओळी व्यापते आणि मुद्रितशोधनात तिच्यातील एखादे चिन्ह सहज गळते.

लांबीचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो. महाविद्यालयांत लोकप्रिय असलेल्या वर्डप्रेस या प्रणालीत पानाच्या नावाचा पत्त्यातील भाग दोनशे चिन्हांपुरता मर्यादित आहे, आणि ही मोजणी टक्काचिन्हांसह होते. दोनशेला नऊने भागले की देवनागरीच्या वाट्याला जेमतेम बावीस चिन्हे येतात. 'राष्ट्रीय सेवा योजना विशेष शिबिर' असे शीर्षक दिले तर पत्त्यात 'राष्ट्रीय-सेवा-योजना-विश' एवढेच उरते. पुढील वर्षी त्याच नावाचे पान केले की प्रणाली त्या तुटक्या नावापुढे २ हा आकडा लावते. तिसऱ्या वर्षी ३. कोणते शिबिर कोणत्या वर्षाचे, हे पत्त्यावरून ओळखणे मग अशक्य होते.

याहून सूक्ष्म आणि अधिक त्रासदायक अडचण मराठीच्या स्वतःच्या लेखनातून येते. यवतमाळसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेच्या संकेतस्थळावर 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द येणारच. त्यातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकते. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त चिन्ह आणि 'य' असा क्रम असतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त चिन्ह, त्यानंतर 'झेडडब्ल्यूजे' नावाचे अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि म्हणून दोन वेगळे पत्ते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची प्रक्रियाही त्यांना एक करीत नाही. कार्यालयातील एका संगणकावर तयार झालेला दुवा दुसऱ्याने आपल्या कळफलकावर हाताने टंकित केला तर पान सापडत नाही, आणि डोळ्यांना तर चूक कोठेच दिसत नाही. एखाद्या प्रणालीने ते अदृश्य चिन्ह गाळले, तर 'शेतकऱ्यां'चे 'शेतकर्यां' होते ते निराळेच. 'ॲ'ची कथाही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी व त्यानंतरही 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिले जाते. दोन्ही रूपे सारखी दिसतात आणि यंत्राला वेगळी भासतात. 'ॲकॅडमिक कॅलेंडर' असे शीर्षक देणाऱ्या संस्थांना हे ठाऊक असलेले बरे.

लॅटिन लिपीतील नावे निर्दोष असतात असे मात्र नाही. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत यवतमाळचे स्पेलिंग 'वाय-ई-ओ-टी' अशा अक्षरांनी सुरू होते, आजचे निराळे आहे. 'वणी' हे नाव लिहिताना कोणी 'डब्ल्यू' वापरतो, कोणी 'व्ही'. देवनागरीत या गावाचे नाव एकाच रीतीने लिहिले जाते. लिप्यंतर करावयाचे तर संस्थेने एक पद्धत ठरवून ती लिहून ठेवावी लागते.

या सर्वांचा विचार करता संस्थेच्या अधिकृत पानांसाठी पुढील रचना व्यवहार्य ठरते. भाषासंकेतानंतरचा भाग दोन्ही भाषांत एकच ठेवावा आणि तो लॅटिन लिपीतील लहान शब्द असावा. प्रवेशाचे मराठी पान 'एमआर'खाली आणि इंग्रजी पान 'ईएन'खाली, पुढील शब्द दोन्हीकडे तोच. यामुळे एका भाषेचा पत्ता हाती असलेल्याला दुसरीचा पत्ता केवळ दोन अक्षरे बदलून मिळतो. असे करणे म्हणजे मराठीने इंग्रजीपुढे मान तुकविणे होय, असा आक्षेप येऊ शकतो. तो समजण्याजोगा आहे, पण पत्त्याचे कार्य लक्षात घेता टिकणारा नाही. यवतमाळचा ४४५००१ हा पिनकोड कोणत्याही भाषेचा नाही आणि त्यामुळे पत्राच्या मजकुराची भाषा बदलत नाही. मराठीचा आग्रह धरावयाचा तो पानाच्या शीर्षकात, मजकुरात आणि मजकुराच्या दर्जात. मराठी विभागाची नियतकालिके, विद्यार्थ्यांचे लेख, स्थानिक इतिहासाच्या नोंदी यांच्या पत्त्यांत देवनागरी शीर्षक ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते दोन-तीन शब्दांचे असावे आणि त्यात 'ऱ्य' किंवा 'ॲ' येत असल्यास कोणते टंकन प्रमाण मानावयाचे हे ठरलेले असावे.

वाचकाची भाषा कोणी ठरवावी?

काही संकेतस्थळे वाचकाला विचारतच नाहीत. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर आपली पसंतीची भाषा कळवितो. ही सोय १९९० च्या दशकापासून आहे. तिच्या आधारे संकेतस्थळ आपोआप एखाद्या भाषेच्या पानावर नेऊन सोडते. युरोपात ही युक्ती बऱ्यापैकी चालत असेल. आपल्याकडे मात्र ज्याच्या भ्रमणध्वनीची मांडणी इंग्रजीत आहे तो इंग्रजी वाचणाराच असतो, असे मानता येत नाही. यंत्र विकत घेताना दुकानदाराने जी भाषा लावून दिली ती अनेकांच्या बाबतीत शेवटपर्यंत तशीच राहते. मराठी दैनिक रोज वाचणारा, मराठीतच संदेश लिहिणारा पालक यंत्राच्या दृष्टीने इंग्रजीभाषक ठरतो आणि त्याला मराठी पान कधी दिसतच नाही.

इंटरनेट जोडणीच्या स्थानावरून भाषा ठरविणे तर याहून भ्रामक. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेकडे निघाले की पैनगंगा ओलांडताच तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. या पट्ट्यात भाषा नदीपाशी थांबत नाहीत. अलीकडे तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत, पलीकडे मराठी बोलणारी गावे आहेत. शिवाय शोधयंत्र गूगलचे असेल तर त्याचा स्वयंचलित वाचक सहसा अमेरिकेतील जोडणीवरून येतो आणि भाषेची पसंती कळवीत नाही; त्याला नेहमी इंग्रजी पानच मिळणार.

म्हणून वाचक ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्याचे पान त्याला दाखवावे, त्याला परस्पर हलवू नये. मुख्य डोमेन नाव टाइप करणाऱ्यासाठी एक साधे द्विभाषिक पान असावे व त्यावर भाषांची नावे असावीत. आतील प्रत्येक पानावरील भाषेची कळ त्याच विषयाच्या दुसऱ्या भाषेतील पानावर नेणारी असावी. ती मुखपृष्ठावर नेऊन सोडते तेव्हा वाचक पुन्हा शोधत बसत नाही, निघून जातो.

दोन आवृत्त्यांचे नाते शोधयंत्रालाही सांगावे लागते. त्यासाठी पानाच्या न दिसणाऱ्या भागात 'एचरेफलँग' ही खूण लिहितात. गूगलने ती बहुभाषिक पानांसाठी २०११ मध्ये रूढ केली आणि भाषा-निवडीच्या पानासाठी 'एक्स-डिफॉल्ट' ही खूण २०१३ मध्ये जोडली. मराठी पानाने इंग्रजीचा उल्लेख करावा आणि इंग्रजीने मराठीचा. एकतर्फी उल्लेख ग्राह्य धरला जात नाही. याच ठिकाणी एक घातक चूक संभवते. 'कॅनॉनिकल' नावाची दुसरी एक खूण मूळ प्रत कोणती हे सांगते. मराठी पानावर ती इंग्रजी पानाकडे निर्देश करीत असेल, तर संस्थाच शोधयंत्राला कळविते की मराठी पान ही केवळ नक्कल आहे. मग ते निकालांतून वगळले जाते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याकडून काम ताब्यात घेताना हे एवढे तरी तपासून घ्यावे.

पानाच्या आरंभी भाषा नोंदविणारा 'लँग' हा गुणधर्मही असाच दुर्लक्षित आहे. दृष्टिबाधित विद्यार्थी वापरीत असलेली पडदावाचक आज्ञावली त्यावरून उच्चार निवडते. मराठी पानावर तेथे इंग्रजीचा संकेत राहिला तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो आणि ऐकणाऱ्याला काहीही उमगत नाही.

पत्ता बदलावा लागला तर

देशातील जिल्ह्यांची संकेतस्थळे पूर्वी 'एनआयसी.इन' या टोकाखाली होती, पुढे ती 'गव्ह.इन'कडे आली. असे बदल अटळ असतात. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर नेणारी ३०१ क्रमांकाची कायम स्थलांतराची सूचना ठेवली तर हानी टळते. मात्र ती पानागणिक ठेवावी लागते. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून थेट नव्या मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे ग्रंथालय हलविताना सर्व पुस्तके एकाच खोलीत ओतण्यासारखे आहे. प्रबंधांत, अहवालांत व नियतकालिकांत छापले गेलेले पत्ते परत बोलावता येत नाहीत. त्यामुळे जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीइतक्याच काळजीने जपावी, आणि ती बाहेरच्या कंत्राटदाराकडे न ठेवता संस्थेकडे ठेवावी.

कोलामी, गोरमाटी, गोंडी

जिल्ह्यातील ज्या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत त्यांच्याकडे अखेरीस वळले पाहिजे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. कोलाम समाजाची गणना महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी समूहांत होते. एम. बी. एमेनो यांचा या भाषेवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे अभ्यासकांना ती सत्तर वर्षांपूर्वीपासून ज्ञात आहे. मारेगाव, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांतील विद्यार्थी ही भाषा घरी बोलतात आणि महाविद्यालयात येताना ती बाहेर ठेवून येतात.

या भाषांना दोन अक्षरी संकेत नाहीत, पण मानकाच्या विस्तारित सूचीत तीन अक्षरी आहेत. वायव्य कोलामीचा संकेत 'केएफबी', गोरमाटीचा म्हणजे लंबाडीचा 'एलएमएन'. 'जीओएन' हा गोंडीचा संकेत समूहवाचक असून त्याखाली उत्तरेकडील, अहेरीकडील आणि आदिलाबादकडील गोंडीला स्वतंत्र संकेत आहेत. यवतमाळमधील गोंडी यांपैकी कोणत्या संकेताखाली नोंदवावी हे संगणक विभागाने परस्पर ठरवू नये. तो निर्णय बोलणाऱ्यांचा आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे.

लिपीचा प्रश्नही येथे उभा राहतो. गोरमाटी महाराष्ट्रात देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत. गोंडीसाठी मसराम गोंडी ही लिपी २०१७ मध्ये आणि शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखली जाणारी गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. एकाच भाषेचा मजकूर दोन लिप्यांत द्यावयाचा झाल्यास भाषासंकेतानंतर जोडरेघ देऊन लिपीचा चार अक्षरी संकेत लिहिण्याची तरतूद आहे. देवनागरीसाठी तो 'डीईव्हीए', तेलुगूसाठी 'टीईएलयू'. म्हणजे देवनागरीतील गोरमाटी आणि तेलुगू लिपीतील गोरमाटी यांना एकाच संकेतस्थळावर दोन स्वतंत्र पत्ते देता येतात, आणि त्यासाठी मराठी किंवा इंग्रजी पानांच्या पत्त्यांना हात लावावा लागत नाही.

अट एवढीच की 'एमआर' आणि 'ईएन' हे दोन्ही संकेत पहिल्या दिवसापासून मार्गात असले पाहिजेत. इंग्रजी विनासंकेत मुळाशी ठेवून फक्त मराठीला संकेत दिला, तर तिसऱ्या भाषेच्या आगमनाबरोबर इंग्रजीचा अपवाद सांभाळत बसावे लागते. रिकामी पाने मात्र आधीच उघडून ठेवू नयेत. 'मजकूर लवकरच उपलब्ध होईल' असे सांगणारे कोलामी पान कोलाम विद्यार्थ्याला काहीच देत नाही. वसतिगृह प्रवेशाची एक सूचना, ती बोलणाऱ्याकडून तपासून घेतलेली, 'केएफबी' या संकेताखाली स्वतःच्या पत्त्यावर ठेवली तरी आरंभास पुरेशी आहे. बोलणाऱ्याने स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केलेली प्रतही त्याच पानावर ठेवता येईल, कारण घरी ही भाषा बोलणाऱ्या अनेकांनी ती कधी लिहिलेली पाहिलेली नसते.